धर्माच्या खात्यावर काय लिहावे?

वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथे श्री अंतरिक्ष पार्श्वनाथ भगवंतांचे प्राचीन तीर्थ आहे. दिगंबर आणि श्वेतांबर हे दोन्ही पंथ तेथे नतमस्तक होतात. आणि त्याच मूर्तीवरून दोघांत शतकाहून अधिक काळ वाद चालत आला आहे. १९०५ साली उभयपक्षी पूजेचे वेळापत्रक ठरले. परंतु पुढे मूर्तीच्या लेपावरून आणि त्यावरील कटिसूत्र-कच्छोट्याच्या खुणांवरून तंटा पेटला. प्रकरण अकोला, नागपूर असे करीत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले. १९२९ मध्ये तेथे निकाल लागला. तंटा मात्र मिटला नाही. १९८१ मध्ये मंदिरास कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते २०२३ मध्ये उघडले, तोवर ४२ वर्षे लोटली होती. कुलूप निघाल्यावर थोड्याच दिवसांत तेथे पुन्हा हाणामारी झाली.

हा दोष कोणाचा? ‘माणसे चुकली, धर्म निर्दोष आहे,’ असे उत्तर तत्काळ दिले जाते. पेढीवर बसणाऱ्याने ते क्षणभर तपासून पाहावे. पांजरपोळ, धर्मशाळा, दुष्काळातील अन्नदान हे सारे आपण धर्माच्या खाती जमा करतो. मग तंटा तेवढा व्यक्तीच्या नावे का टाकावा? जमा एका खात्यात आणि खर्च दुसऱ्या खात्यात, अशी वही कोणताही मुनीम मान्य करणार नाही.

तत्त्व म्हणून धर्माकडे दोष जात नाही, हे खरे. दोन्ही पंथांस मान्य असलेले तत्त्वार्थसूत्र हिंसेचे मूळ प्रमादात पाहते आणि आसक्तीलाच परिग्रह म्हणते. ‘मूर्ती आमचीच’ या आग्रहास त्यात आधार नाही. तथापि धर्म केवळ ग्रंथात राहत नाही. तो संघात, ट्रस्टमध्ये, प्रवचनात आणि वर्गणीतही राहतो. तीर्थरक्षा हे पुण्यकर्म मानले जाते, म्हणूनच तंट्यास श्रद्धेचे बळ मिळते. हा वाटा नाकारणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

दोष नाकारण्याची मुभा आपल्याच धर्माने ठेवलेली नाही. प्रतिक्रमण म्हणजे स्वतःच्याच वहीची तपासणी. ‘मिच्छामि दुक्कडम्’ असो वा ‘उत्तम क्षमा’, हे शब्द दरवर्षी घराघरांत आणि बाजारपेठेत उच्चारले जातात. ते एका संघाने दुसऱ्या संघास, शिरपूरच्या दारात उभे राहून, मनःपूर्वक म्हणावयास हवेत. तोपर्यंत ही बाकी दर दिवाळीला नव्या वहीत ओढली जात राहील.