चमत्कार कोणाची परीक्षा घेतो? जादुई वास्तववाद आणि लघुकथा

‘जादुई वास्तववाद’ म्हटलं की पुष्कळांना ती परीकथा वाटते. तसं नाही. परीकथा आटपाट नगरात घडते. इथे अद्भुत गोष्ट आपल्याच गल्लीत घडते, आणि सांगणारा तिचा गाजावाजा करत नाही.

हा सूर आपल्याला परका नाही. आपल्याच जिल्ह्यातलं तुळजापूर घ्या. नवरात्राआधी भवानीमातेची मंचकी निद्रा सुरू होते, मूर्ती पलंगावर निजवतात. घरातली म्हातारी तेव्हा सहज म्हणते, ‘देवी झोपलीय.’ पाहुणे झोपलेत म्हणावं, त्याच आवाजात. श्रद्धेचा प्रश्न वेगळा. मी फक्त सुराबद्दल बोलतोय.

आता हा सूर कथेत काय करतो? गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची १९६८ची एक कथा आहे. पावसाची झड, घरात शिरलेले खेकडे, आणि अंगणातल्या चिखलात पडलेला, मोठाले पंख असलेला एक म्हातारा. शेजारीण म्हणते, हा देवदूत. पाद्री बघतो तर याला लॅटिन येत नाही, म्हणून त्याला संशय. घरमालक पेलायो त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडतो. त्याची बायको एलिसेंदा बघायला येणाऱ्यांकडून पाच-पाच सेंट घेते, आणि त्यातून दुमजली घर उभं राहतं.

म्हातारा खरंच कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. पण पेलायो कोण, एलिसेंदा कोण, पाद्री कोण, हे लख्ख कळतं. म्हणजे काय, तर चमत्कार पात्रांची परीक्षा घेतो. आणि आशयही तिथूनच उमलतो: दारात अलौकिक आलं, तर आपण तिकीट लावतो किंवा दाखला मागतो.

जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’तल्या (१९७५) दीर्घकथांना मी मात्र या वर्गात घालणार नाही. तिथला मुलूखच अनोळखी आहे. त्या रूपककथेच्या जवळच्या. त्यांचं बळ वेगळं.

आपल्या भागापुरती एक कल्पना करून बघा. कर्जापायी जीव दिलेला शेतकरी दर सोमवारी बँकेच्या रांगेत येऊन उभा राहतो. कोणी दचकत नाही. कारकून मान वर न करता म्हणतो, ‘काका, अंगठा जुळत नाही, आधार घेऊन या.’ मागचा माणूस म्हणतो, ‘सरका की पुढं.’ रोजच्या बातमीतला आकडा वाचून आपण पान उलटतो. इथे उलटता येत नाही, कारण त्या रांगेत आपणही उभे असतो.

म्हणून कथा वाचताना एक कसोटी लावा. तिच्यातला चमत्कार मनातल्या मनात काढून टाका. तरीही कथा तेच सांगत असेल, तर तो चमत्कार नुसती झालर होता. आणि माणसंच दिसेनाशी झाली, तर समजा, लेखकाने तो जागेवर वापरलाय.