मुळांना फाटे कसे फुटतात?

झाडाचे खोड, फांद्या, पाने आणि फुले सहज आपल्या दृष्टीस पडतात. परंतु ज्यांच्या बळावर हा सारा पसारा उभा असतो, ती मुळे मातीआड दडलेली असतात. तहान लागली म्हणून झाडाला पाणवठ्यावर जाता येत नाही. पाणी व क्षार जेथे असतील तेथवर मुळांनीच पोहोचले पाहिजे. एकट्या मुळाला हे काम पुरे पडत नाही. त्याला उपमुळे फुटावी लागतात. ती कोठे आणि केव्हा फुटावीत, हे कसे ठरते?

हे कोडे उलगडण्यास मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस हे वीतभर उंचीचे रोप फार उपयोगी पडले. फांदी खोडावरील डोळ्यातून फुटते. उपमुळाचा जन्म मात्र मुळाच्या आत, परिरंभ नावाच्या थरात होतो. तेथील काही पेशी विभागू लागतात, त्यांचा लहानसा उंचवटा बनतो आणि बाहेरचे थर दूर सारीत तो मातीत शिरतो.

प्रत्येक पेशीत जनुके असतात. प्रथिन कसे घडवावे, याची माहिती जनुकात साठविलेली असते. परंतु सर्वच जनुके सर्वकाळ काम करीत नाहीत. उपमुळांसाठी लागणारी जनुके जागी करणाऱ्या प्रथिनाला आपण ‘चालक’ म्हणू. दुसरे एक प्रथिन या चालकाला अडवून धरते. त्याला ‘रोधक’ म्हणू. ऑक्सिन हे संप्रेरक पेशीत पुरेसे साठले, की ते रोधकाची गाठ एका तिसऱ्या प्रथिनाशी घालून देते. मग रोधकावर नाशाची खूण केली जाते व पेशी त्याचे तुकडे करते. चालक मोकळा होतो आणि उपमुळाची घडण सुरू होते.

हा रोधक हटलाच नाही तर? जपानमधील संशोधकांनी २००२ साली अशाच एका रोपाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या रोधकातील अमिनो आम्लांच्या माळेत एकच मणी बदललेला होता. तेवढ्याने रोधक अभंग राहिला आणि त्या रोपाला एकही उपमूळ फुटले नाही!

मग रोधक हा झाडाचा वैरी म्हणावा काय? तसे मुळीच नाही. प्रत्येक उपमुळासाठी पानांनी तयार केलेले अन्न खर्ची पडते. कोरड्या मातीत ते उधळणे झाडाला परवडणारे नाही. मुळाची जी बाजू ओलाव्याला लागून असते, तिकडेच उपमुळे अधिक फुटतात, असे २०१४ साली दाखविण्यात आले. त्यामागील कारण २०१८ साली स्पष्ट झाले. कोरड्या बाजूस चालकाला आणखी एक लहान प्रथिन चिकटते. त्यामुळे रोधकाची त्याच्यावरील पकड बसते आणि तेथे उपमूळ फुटत नाही.

वाढण्याची शक्ती जितकी मोलाची, तितकाच योग्य वेळेपर्यंतचा संयमही मोलाचा असतो. थोड्या पाण्यावर तग धरणारी पिके निर्माण करावयाची, तर मुळांची ही रीत नीट जाणून घेतली पाहिजे.