खिळे, जुळारी आणि माझी ‘रद्दी’

माझ्या संग्रहाला घरी ‘रद्दी’ म्हणतात. छपाईच्या धंद्याविषयीच्या जुन्या मासिकांचे ते तेवीस अंक आहेत. थोडे मराठी, बाकीचे इंग्रजी. चंद्रपुरातला एक छापखाना बंद झाला, तेव्हा रद्दीवाल्याच्या तराजूतून मी ते उचलून आणले. “येवढी रद्दी कायले आनली?” बाबांनी विचारले.

बाबा चौथीपर्यंत शिकले. पण वीस वर्षे ते जुळारी होते. वडशाच्या झाडीपट्टी नाटकांची हँडबिले, लग्नपत्रिका, पावतीपुस्तके त्यांच्या हातून जुळली. पुढे ऑफसेट आले, खिळे शिशाच्या भावाने विकले गेले आणि बाबांचे काम सुटले.

देवनागरीची जुळणी सोपी नसे. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांमुळे केसमध्ये शेकडो निराळे खिळे लागत. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे. तेही झरझर वाचता यावे लागे. १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजीदेखील लहानपणी खिळे घासण्याच्या कामावर होते, शाळा फारशी न शिकता.

मग ही मासिके का जपायची? पुस्तके ग्रंथालयात राहतात. धंद्याची मासिके काम झाले की फेकली जातात. बांधणी करतानाही मुखपृष्ठे व जाहिराती पुष्कळदा काढून टाकतात. वास्तविक खिळ्यांचे नमुने, शाईच्या छटा, ट्रेडल यंत्राची चित्रे जाहिरातींतच सापडतात. शिकागोच्या ‘इनलँड प्रिंटर’ने १८९४ मध्ये विल ब्रॅडलीकडून दरमहा नवे मुखपृष्ठ करून घ्यायला सुरुवात केली. आज अभ्यासक तीच मुखपृष्ठे शोधत असतात.

जपणूक साधी आहे. गंजलेल्या टाचण्या हळूच काढाव्यात, फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नये, ओल व ऊन टाळावे आणि अंक कोठे मिळाला ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे.

एके रात्री बाबांनी स्वतःच एक अंक उघडला. खिळ्यांच्या केसच्या चित्रावर बोट ठेवून कोणता खिळा कोणत्या खणात, हे ते मला सांगत बसले. मी वही काढून लिहून घेतले. त्या खणांचा नकाशा आता माझ्या संग्रहातला चोविसावा कागद आहे.

१८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव व ठिकाण देणे बंधनकारक केले. मालकाचे नाव त्यामुळे उरले; जुळाऱ्याचे कोठेच नाही. मित्रहो, तुमच्या गावातला जुना छापखाना बंद होत असेल, तर रद्दीवाल्याच्या आधी तेथे पोचा. आणि तेथे कोणी म्हातारा जुळारी भेटला, तर त्याचे नाव आधी लिहून घ्या.