कल्हमच्या भट्टीचं अस्तर

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या दक्षिणेला कल्हम नावाचं गाव आहे. तिथल्या ‘जेट’ या केंद्रकीय संमीलनाच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, यंत्रात ३ ऑक्टोबर २०२३ रोजी साधारण पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडली आणि जागतिक विक्रम झाला. विजेच्या बिलाच्या हिशेबात ही ऊर्जा भरते १९ युनिट, आणि तीही वीज नव्हे, नुसती उष्णता. इंधन मात्र ०.२ मिलिग्रॅम लागलं. तेवढ्या उष्णतेसाठी दोनेक किलो कोळसा जाळावा लागला असता.

बातम्या या विक्रमापाशी थांबल्या. जेटची चाळीस वर्षं चाळली, तर विक्रमांचे सेकंद हाताच्या बोटांवर मोजता येतात. उरलेला काळ गेला तो यंत्र उघडणं, दुरुस्त करणं, आतलं अस्तर बदलणं आणि पुन्हा बंद करणं यात. केंद्रकीय संमीलनाचं भवितव्य प्लाझ्माच्या, म्हणजे आतल्या अतितप्त विद्युतभारित वायूच्या, समीकरणांइतकंच, कदाचित थोडं जास्तच, या अस्तरावर ठरणार आहे असं मला वाटतं.

१९६८ साली सोव्हिएत शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की त्यांच्या टी-३ या टोकामॅकमध्ये, म्हणजे प्लाझ्मा चुंबकांनी धरून ठेवणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात, इलेक्ट्रॉनांचं तापमान एक कोटी अंशांच्या आसपास पोहोचलं. पश्चिमेत फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. मग १९६९ मध्ये, ऐन शीतयुद्धात, कल्हमचेच काही शास्त्रज्ञ लेसरची सामग्री घेऊन मॉस्कोला गेले, स्वतः मोजमाप केलं आणि रशियनांचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं. त्यानंतर जगभर टोकामॅकची लाट आली. युरोपीय देशांनी मिळून एक मोठा टोकामॅक उभारायचं ठरवलं खरं, पण तो कुठे उभारायचा यावर दोन वर्षं भांडण चाललं. जर्मनीला तो म्युनिकजवळच्या गार्शिंगला हवा होता, ब्रिटनला कल्हमला. ऑक्टोबर १९७७ मध्ये लुफ्तान्साचं विमान अपहरण करून मोगादिशूला नेलं गेलं. ते सोडवताना ब्रिटिश कमांडोंनी जर्मनांना मदत केली, त्यातून मनं जुळली आणि त्याच महिन्यात कल्हमचं नाव पक्कं झालं, असं सांगतात. विज्ञानाच्या इतिहासात असे योगायोग पुष्कळ असतात, पाठ्यपुस्तकांत ते येत नाहीत इतकंच.

हाच टोकामॅक म्हणजे जेट. त्याचा आराखडा पॉल-आंरी रेब्यू या फ्रेंच अभियंत्याच्या चमूनं केला. तोवरचे बहुतेक टोकामॅक गोल छेदाचे होते. रेब्यूनी इंग्रजी ‘डी’ अक्षराचा छेद निवडला. कारण होतं निव्वळ यांत्रिक. चुंबकीय क्षेत्र आतल्या बाजूला जास्त तीव्र असतं आणि चुंबकांच्या वेटोळ्यांवरचा ताण ‘डी’ आकारात नीट वाटला जातो. पुढे कळलं, की प्लाझ्माही याच आकारात जास्त चांगला टिकतो. प्रत्येकी १२ टनांची तांब्याची ३२ वेटोळी आणि त्यांच्या मधोमध माणूस आरामात उभा राहील एवढं निर्वात पात्र. या चुंबकांना लागणारी वीज एकदम ओढली असती तर देशाच्या ग्रिडला झटका बसला असता. म्हणून प्रत्येकी ७७५ टनांची दोन अजस्र फ्लायव्हील, म्हणजे फिरत राहून ऊर्जा साठवणारी जड चाकं, बसवली. गच्चीवरची टाकी सावकाश भरून घ्यावी आणि मग सगळे नळ एकदम सोडावेत, तशी ही व्यवस्था. जून १९८३ मध्ये पहिला प्लाझ्मा पेटला.

‘वीज कधी?’ हा प्रश्न तेव्हाही होता. १९५५ साली जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी वीस वर्षांत संमीलन ऊर्जा काबूत येण्याचं भाकीत केलं होतं. भाभांना हसणं सोपं आहे. पण त्यांच्या काळी प्लाझ्मा चुंबकीय पिंजऱ्यातून कसा निसटतो हेच पुरतं ठाऊक नव्हतं, आणि पिंजऱ्याच्या भिंतीचा प्रश्न तर चर्चेतही नव्हता.

तो प्रश्न असा. प्लाझ्मा १५ कोटी अंशांचा, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. चुंबकं त्याला भिंतीपासून दूर धरतात, पण पूर्णपणे नाही. कडेनं गळणारी उष्णता आणि कण कुठेतरी आदळतातच. जेटच्या भिंतीला आधी कार्बनच्या लाद्या होत्या. कार्बन वितळत नाही आणि प्लाझ्मात थोडा मिसळला तरी चालून जातो. १९९१ मध्ये इंधनात ड्युटेरियमसोबत प्रथमच ट्रिटियम वापरलं गेलं (दोन्ही हायड्रोजनची जड रूपं) आणि १९९७ मध्ये २४ मेगावॉट उष्णता प्लाझ्मात ओतून १६ मेगावॉट परत मिळाली, ती याच कार्बनच्या भिंतीत. (चुंबकांना आणि उष्णता देणाऱ्या यंत्रणांना लागलेली वीज या हिशेबात धरलेली नाही. संमीलनाच्या बातम्यांमध्ये ती सहसा धरत नाहीत.)

मग लक्षात आलं, की कार्बन ट्रिटियम पिऊन बसतो. ट्रिटियम किरणोत्सारी आहे, त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, आणि निसर्गात ते जवळजवळ नाहीच. भट्टीचं अस्तरच इंधन गिळू लागलं, तर वीजकेंद्र चालवायचं कसं? शिवाय संमीलनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं पात्र स्वतःच किरणोत्सारी झालं होतं. आत माणूस पाठवायची सोय नव्हती.

इथे जेटच्या अभियंत्यांनी जे केलं ते मला सोळा मेगावॉटपेक्षा मोठं वाटतं. एका लांब सांधेदार बाहूच्या टोकाला ‘मॅस्कॉट’ नावाचे दोन यांत्रिक हात बसवलेले होते. चालक दूरच्या खोलीत पडद्यांसमोर बसून आपले हात हलवी, तसे ते हात पात्रात हलत. उचललेल्या वस्तूचं वजन, बोल्टचा आटा पकडला की बसणारा हिसका, हे सगळं चालकाच्या हाताला जाणवे. १९९८ मध्ये पात्राच्या तळाशी असलेल्या, गळणारी उष्णता आणि कण झेलणाऱ्या डायव्हर्टरचे भाग याच हातांनी बदलले. २००९ ते २०११ दरम्यान तर पूर्ण भिंतच बदलली: कार्बन काढून मुख्य भिंतीला बेरिलियम आणि डायव्हर्टरला टंगस्टन. फ्रान्समध्ये होऊ घातलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय टोकामॅकची भिंत अशी असणार होती, म्हणून ही रंगीत तालीम. हजारो सुटे भाग, आणि प्रत्येकाची हालचाल आधी नमुन्याच्या पात्रात घोटून घेतलेली.

अस्तर बदललं आणि भट्टी बिघडली. भिंतीत अडकणारं इंधन दहापटीहून कमी झालं, ते अपेक्षेप्रमाणे. पण प्लाझ्माची उष्णता धरून ठेवायची ताकदही घटली. टंगस्टनचा अणू जड. चिमूटभर टंगस्टन आत शिरलं तरी प्रारणाच्या रूपानं उष्णता उडून जाते. ते बाहेर ठेवण्यासाठी कडेला जादा वायू सोडावा लागे आणि त्यानं प्लाझ्मा थंडावे. जुन्या पातळीजवळ परत यायला दहा वर्षं गेली. डिसेंबर २०२१ मध्ये ५९ आणि २०२३ मध्ये ६९ मेगाज्यूल मिळाले, ते या नव्या भिंतीत. बारकाईनं पाहिलं तर हे विक्रम एकूण ऊर्जेचे आहेत. क्षणिक शक्तीचा १९९७ चा सोळा मेगावॉटचा आकडा शेवटपर्यंत मोडला नाही. आणि पाच सेकंदांची मर्यादाही प्लाझ्माची नव्हती, तापणाऱ्या तांब्याची होती. इटरमध्ये म्हणूनच अशी न तापणारी अतिवाहक चुंबकं आहेत.

त्या इटरनं २०२४ च्या सुधारित आराखड्यात मुख्य भिंतीतून बेरिलियम काढून टाकलं. तिथेही आता टंगस्टनच असेल. बेरिलियमची धूळ विषारी, आणि ते वितळतंही लवकर. ज्या भिंतीची तालीम झाली ती भिंतच नाटकातून गेली. तालीम वाया गेली असं मात्र म्हणता येत नाही. टंगस्टनला काबूत ठेवण्याच्या युक्त्या जेटमध्येच घासूनपुसून तयार झाल्या, आणि इटरला त्यांची गरज आता जास्तच आहे. या प्रकल्पात आपलाही भाग आहे: इटरला बाहेरून वेढणारं ३,८५० टनांचं क्रायोस्टॅट हे शीत वेष्टन भारतानं दिलं. त्याचे भाग एल अँड टीच्या सुरतजवळच्या हजिरा कारखान्यात तयार झाले.

जेटचा शेवटचा प्लाझ्मा १८ डिसेंबर २०२३ रोजी पेटला. त्याचा अनुक्रमांक होता १,०५,८४२. आयुष्यभर ज्या भिंतीला जपलं, तिच्यावर त्या अखेरच्या दिवशी वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत मुद्दाम सोडला गेला, कारण नुकसान नेमकं कसं होतं हे पाहायची अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. यंत्र उकलण्याचं काम आता साधारण २०४० पर्यंत चालेल. २०२४ मध्ये दूरनियंत्रित हातांनीच आत लेसर नेऊन कुठल्या लादीत किती ट्रिटियम उरलं आहे याची मोजणी झाली. सुट्या केलेल्या लाद्या आता प्रयोगशाळांत तपासल्या जाताहेत, आणि मॅस्कॉटच्या चालकांना अजून पुष्कळ वर्षं काम आहे.