अंगणाला खडी किती?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, रात्री साडेदहाच्या सुमारास पंचविशीतल्या एका तरुणाला अपघात विभागात आणलं. मोटारसायकल घसरली होती. मनगटाचं हाड मोडलेलं, तळहातात आणि गुडघ्यात खडे रुतलेले. त्याला घेऊन आलेले साठीचे गृहस्थ नात्यातले नव्हते. "साहेब, खडी माझ्याच घरासमोरची," ते खाली मान घालून म्हणाले. अंगणात टाकून उरलेला ढीग महिनाभर कंपाउंडबाहेर पडून होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी तो रस्ताभर पसरला होता.

जखमा साफ करून झाल्यावर मी विचारलं, "काका, अंगण केवढं आहे?"

"तीस बाय बारा असेल."

"आणि खडी किती मागवलीत?"

"डंपरवाला म्हणाला, तीन ब्रास लागेल. म्हटलं, असू दे."

लागणार होती जेमतेम एक.

हिशेब शाळेतलाच आहे. ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी आणि रुंदी फुटांत मोजायची, थराची जाडी इंचांत ठरवायची, तिन्हींचा गुणाकार करून १२०० ने भागायचं, की उत्तर थेट ब्रासमध्ये येतं. काकांचं अंगण ३० गुणिले १२, म्हणजे ३६० चौरस फूट. तीन इंचांचा थर धरला तर ३६० गुणिले ३ भागिले १२०० म्हणजे ०.९ ब्रास. खडी दबते, थोडी कडेला सांडते, त्यासाठी दहा टक्के वाढवले की एक ब्रास. पुष्कळदा चूक होते ती इंचांचे फूट करायचं विसरल्यामुळे. मग त्याच अंगणाला जवळपास ११ ब्रास खडी लागेल असं उत्तर येतं आणि माणूस कागद फेकून डंपरवाल्यालाच विचारतो. अंदाजपंचे कारभार तिथूनच सुरू होतो.

अंगण वेडंवाकडं असेल तर त्याचे दोन-तीन चौकोन पाडा. गोल भागासाठी व्यासाला व्यासाने गुणून त्याचे ऐंशी टक्के धरा. तुळशी वृंदावन, पाण्याची टाकी, हौद यांची जागा वजा करा. जमिनीत खड्डे असतील तर ते आधी मुरुमाने भरून, दाबून घ्या, नाहीतर निम्मी खडी तेच गिळतात. पाण्याचा उतारही घराबाहेरच्या दिशेने तेव्हाच काढून घ्यावा. वर खडी पसरल्याने उतार बदलत नाही.

थर किती जाड हवा, याबद्दल मात्र माझं मत डंपरवाल्यापेक्षा वेगळं आहे. गाडी उभी करायची असेल तर दाबलेल्या मुरुमावर चार इंच ठीक. पण नुसतं चालायचं असेल तर बारीक खडीचा दोन इंचांचा थर पुरतो. जाड, मोकळ्या थरात पाय रुततो, घोटा मुरगळतो. घरात काठी किंवा वॉकर घेऊन चालणारं कोणी असेल तर दारापासून फाटकापर्यंत सपाट फरशीची वाट सोडाच, आणि तेवढी जागाही हिशेबातून वजा करा. म्हातारपणी मोडलेलं खुब्याचं हाड माणसाला कायमचं अंथरुणाला खिळवू शकतं.

आता वजन. एक ब्रास खडी साधारण चार ते साडेचार टन भरते. घमेल्यात पंधरा किलो धरले तर २८० च्या आसपास खेपा. प्रत्येक खेपेला कमरेत वाकून उचलायचं आणि अंग पिळून फेकायचं. काकांकडे दोन ब्रास जास्त होती, म्हणजे फुकटच्या साडेपाचशेहून अधिक खेपा. ती हलवायला मजूर मिळाले नाहीत आणि कंबर साथ देईना, म्हणून ढीग तिथेच राहिला. अर्धं घमेलं भरून, गुडघ्यात वाकून उचलावं हे सांगून सांगून मी थकलो. पुरुषमंडळींना ते कमीपणाचं वाटतं.

पडून राहिलेल्या ढिगाचे आणखीही ताप आहेत. गटारात घसरलेली खडी पाणी तुंबवते. ढिगावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्यांत पाणी साचतं आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला तेवढं पुरतं. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. दगडांच्या फटीत विंचू आणि फुरसं आसरा घेतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरायला सुरुवात केल्यापासून कोकणातली किती माणसं वाचली, ते आमच्या पिढीच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. तरी जुना ढीग उघड्या हाताने उपसू नये. फावडं, बूट आणि दिवसाचा उजेड हवा. काही चावलंच तर दोरी बांधण्यात, चिरा देण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालयात या.

खडी आली की उतरवून घेण्याआधी गाडीचा हौदा टेपने मोजा. दहा फूट लांब, पाच रुंद आणि दोन फूट उंचीपर्यंत सपाट भरलेली असेल तर ती एक ब्रास. वर शिग दिसते म्हणून जास्त आहे असं समजू नका, कडेला ती बहुधा खाली गेलेली असते. वजनकाट्यावरची पावती असेल तर भिजलेल्या मालात पाण्याचंही वजन धरलेलं असतं, हे लक्षात घ्या. गाडी शक्यतो फाटकाच्या आत रिकामी करून घ्या आणि पसरण्याआधी ढिगावर पाणी मारा, म्हणजे धूळ नाकातोंडात जात नाही.

एवढं करूनही दहा-वीस घमेली उरतील. ती पागोळ्या पडतात त्या रेषेत, भिंतीलगत दीड फुटाच्या पट्ट्यात टाका. भिंतीवर चिखल उडत नाही. काकांची उरलेली दोन ब्रास शेवटी शेजारच्या दोन अंगणांत गेली. त्या वेळी मात्र टेप घेऊन ते स्वतः गेले होते.