खांद्याला लावलेली हळद

आभार शब्दांनीच मानावे लागतात असे नाही. श्रावण अमावास्येचा पोळा पाहा. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. हीच खांदेमळणी. मान खांद्यालाच का? कारण जू तिथे बसते, कातडी तिथेच सोलवटते. दुसऱ्या दिवशी बैलाला काम नसते आणि पुरणपोळीचा मान असतो.

सुगीत हे सोपे. पण १९७२ किंवा २०१५सारख्या दुष्काळी वर्षी? झुलीला, रंगाला कात्री लागते. चाऱ्याअभावी पुढच्या बाजारात बैल विकावाही लागतो. तरी त्या संध्याकाळी हळद लागते. मला वाटते, तेव्हा शेतकरी पिकाचे नव्हे, बैलाच्या कष्टाचे आभार मानतो. पीक बुडाले तरी कष्ट झालेलेच असतात.