वाहिन्या अनेक, मालक एक
रिलायन्स-डिस्ने विलीनीकरणानंतर मोबाईलवर मालिका आणि क्रिकेट पाहणाऱ्यांच्या खिशाचे काय?

कोल्हापूर - आदमापूरच्या बाळूमामांवरील मालिका २०१८ मध्ये कलर्स मराठीवर सुरू झाली. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाची मालिका २०२० मध्ये स्टार प्रवाहवर आली आणि तिचे चित्रीकरण कोल्हापूरच्या चित्रनगरीत झाले. जिल्ह्यातील ही दोन श्रद्धास्थाने त्या काळी दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांवर होती. मोबाईलवर पाहायचे तर एका मालिकेसाठी 'वूट' आणि दुसरीसाठी 'हॉटस्टार' अशी दोन वेगळी ॲप उघडावी लागत. आता या दोन्ही वाहिन्या एकाच कंपनीच्या आहेत. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातील माध्यम व्यवसाय एकत्र आले आणि 'जिओस्टार' ही कंपनी उभी राहिली. पुढे तीन महिन्यांनी, १४ फेब्रुवारी २०२५ रोजी, 'जिओसिनेमा' आणि 'डिस्ने प्लस हॉटस्टार' ही दोन ॲप मिळून 'जिओहॉटस्टार' झाले.

सुमारे ७० हजार ३५२ कोटी रुपये मूल्य आणि शंभराहून अधिक वाहिन्या असलेल्या या व्यवहाराची चर्चा प्रामुख्याने शेअर बाजाराच्या पानांवर झाली. तथापि राजारामपुरीत किंवा गडहिंग्लजमध्ये मोबाईलवर सामना पाहणाऱ्याला त्याचा अर्थ उमगला तो वर्गणीची सूचना पडद्यावर आली तेव्हा.

मालकी कशी बदलत गेली

हे एका रात्रीत घडलेले नाही. ईटीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झाली, ती हैदराबादच्या रामोजी राव यांच्या समूहाची वाहिनी म्हणून. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या व्यवहारातून तिच्यातील हिस्सा नेटवर्क १८ समूहाकडे गेला, २०१४ मध्ये तो समूहच रिलायन्सच्या ताब्यात आला आणि २०१५ मध्ये वाहिनीचे नाव कलर्स मराठी झाले. स्टार प्रवाह २००८ मध्ये रुपर्ट मर्डॉक यांच्या स्टार समूहाने सुरू केली. मर्डॉक यांच्या कंपनीचा मोठा भाग २०१९ मध्ये अमेरिकेतील डिस्नेने विकत घेतला, त्यात स्टारही गेली. म्हणजे ज्या सौद्याची बोलणी न्यूयॉर्क आणि लॉस एंजलिसमध्ये झाली, त्या सौद्यात रात्री साडेआठच्या मराठी मालिकेचा मालक बदलला.

याच काळात दुसरी एक खरेदी झाली, तिच्याकडे प्रेक्षकांचे फारसे लक्ष गेले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने डेन आणि हॅथवे या देशातील दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घेण्याचे जाहीर केले. मोबाईलचे जाळे आधीच हाती होते. केबल आणि घरगुती ब्रॉडबँडच्या तारांची त्यात भर पडली.

अर्थशास्त्रात विलीनीकरणाचे दोन प्रकार मानले जातात, आडवे आणि उभे. कोल्हापूरकरांना ते गुळाच्या उदाहरणाने चटकन कळतील. मार्केट यार्डातील दोन मोठ्या अडत्यांनी मिळून एकच पेढी काढली, तर ते आडवे विलीनीकरण. शेतकऱ्याला माल घालायला एक दुकान कमी झाले. एखाद्या अडत्याने गुऱ्हाळही विकत घेतले आणि माल वाहणारा ट्रकही घेतला, तर ते उभे विलीनीकरण. दुकानांची संख्या तीच राहते. पण दुसऱ्या पेढीचा माल त्या ट्रकमध्ये कोणत्या भाड्याने चढेल, याचा निर्णय आता प्रतिस्पर्ध्याच्या हाती असतो. जिओस्टारच्या बाबतीत दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत. वाहिन्या वाहिन्यांना मिळाल्या आणि त्या ज्या तारांवरून व लहरींवरून घरात येतात, त्यांतील मोठा हिस्साही त्याच समूहाकडे आहे.

क्रिकेट फुकट का होते?

विलीनीकरणाचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसला तो क्रिकेटमध्ये. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या हक्कांचा लिलाव झाला. एकूण बोली ४८ हजार ३९० कोटी रुपयांची होती. भारतातील दूरचित्रवाणीचे हक्क स्टारने २३ हजार ५७५ कोटींना घेतले, तर ऑनलाइन हक्क रिलायन्सच्या वायकॉम १८ कंपनीकडे गेले. सामना एकच, विकणारे दोन. प्रेक्षक आपल्याकडे ओढण्यासाठी जिओसिनेमाने २०२३ ची आयपीएल मोबाईलवर विनामूल्य दाखविली. त्याला उत्तर म्हणून हॉटस्टारने त्याच वर्षीचा आशिया चषक आणि विश्वचषक मोबाईलवर फुकट दिला. हे औदार्य नव्हते. दोन दुकानदारांची चढाओढ होती आणि तिचा लाभ प्रेक्षकाला मिळत होता.

विलीनीकरणानंतर ही चढाओढ संपली. २०२५ ची आयपीएल जिओहॉटस्टारवर पूर्ण पाहण्यासाठी वर्गणी आवश्यक ठरली. आरंभी जाहीर झालेला सर्वांत स्वस्त दर मोबाईलसाठी तीन महिन्यांना १४९ रुपये होता, तोही जाहिरातींसह. रक्कम मोठी नाही. तथापि आदल्या दोन वर्षांत ती शून्य होती आणि पुढील वर्षांत ती किती असावी हे ठरविताना शेजारच्या दुकानाचा भाव पाहण्याची गरज उरलेली नाही, हा खरा बदल आहे.

भारतीय स्पर्धा आयोगालाही चिंता वाटली ती क्रिकेटचीच. आयोगाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी या व्यवहाराला मान्यता दिली, परंतु सशर्त. जाहिरातींचे दर अवास्तव न वाढविण्याची, क्रिकेटच्या जाहिराती एकात एक बांधून न विकण्याची आणि काही वाहिन्या विकून टाकण्याची हमी कंपन्यांनी दिली. या अटी बारकाईने वाचल्या, तर त्यांत जाहिरातदाराचे संरक्षण ठळक दिसते. वर्गणी भरणाऱ्याचे तितके दिसत नाही.

केबलला नियम, ॲपला मोकळीक

येथे मूळ मुद्दा येतो. केबल किंवा डीटीएचवरून दिसणाऱ्या वाहिनीवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे 'ट्राय'चे, नियंत्रण आहे. वाहिनीने आपले प्रक्षेपण कोणत्याही केबल कंपनीला भेदभाव न करता दिले पाहिजे, असा नियम २००४ पासून आहे. २०१९ मध्ये प्रत्येक वाहिनीची किंमत स्वतंत्रपणे जाहीर करणे बंधनकारक झाले. वाहिन्यांच्या गुच्छात घालावयाच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीने आली. या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. केबलचे बिल वाचून समजणारा ग्राहक आजही विरळाच. पण नियम आहेत आणि तक्रारीला जागा आहे.

तीच वाहिनी ॲपवर गेली की हे दोन्ही नियम गळून पडतात. ॲपने किती वर्गणी घ्यावी, यावर ट्रायची मर्यादा नाही. एखादी मालिका केवळ स्वतःच्याच ॲपवर ठेवण्यास कोणाची आडकाठी नाही. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम ऑनलाइन कार्यक्रमांना लागू आहेत, मात्र त्यांचा भर आशय, वयोगट आणि तक्रारींवर आहे, किमतीवर नाही. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावे लागते. पण ते दूरदर्शनचे स्वतःचे भूप्रक्षेपण आणि फ्री डिशपुरते. मोबाईलवरच्या प्रेक्षकाला त्याचा उपयोग नाही.

या असमतोलाची चुणूक फेब्रुवारी २०२३ मध्येच मिळाली होती. नव्या दरांच्या करारावर सह्या न करणाऱ्या केबल कंपन्यांचे प्रक्षेपण स्टार, झी आणि सोनी यांनी बंद केले. सुमारे साडेचार कोटी घरांना त्याचा फटका बसल्याचे केबल कंपन्यांच्या महासंघाचे म्हणणे होते. ज्या घरांत वाहिनी दिसत नव्हती, त्याच घरांतील मोबाईलवर मात्र तिचे ॲप व्यवस्थित सुरू होते. काही दिवसांत प्रक्षेपण पूर्ववत झाले. तोवर वाट कोणत्या दिशेने जाते हे केबलचालकांना कळून चुकले होते.

गल्लीतील केबलचालकाची अडचण यामुळे दुहेरी आहे. त्याचे ग्राहक ॲपकडे वळत आहेत आणि ॲप चालण्यासाठी लागणारे ब्रॉडबँड विकताना त्याला मोबाईल कंपन्यांशी झुंजावे लागते. गणेश विसर्जनाची मिरवणूक, शाही दसरा यांचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या स्थानिक वाहिन्या हा त्याचा हक्काचा आधार. मोठ्या ॲपवर त्यांना स्थान नाही.

मोबाईल कंपन्यांना एक बंधन मात्र आहे. ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी काढलेल्या नियमांनुसार आशय पाहून डेटाचा दर कमी-जास्त करता येत नाही. त्यामुळे आपल्या समूहाच्या ॲपसाठी डेटा फुकट आणि इतरांच्या ॲपसाठी पैसे, असे करता येत नाही. पण रिचार्जसोबत वर्गणी भेट देण्यास मनाई नाही. मार्च २०२५ मध्ये जिओने २९९ रुपयांच्या व त्यापुढील रिचार्जवर ९० दिवस जिओहॉटस्टार दिले, ते याच वाटेने. अन्य मोबाईल कंपन्यांच्या काही योजनांतही ते ॲप मिळाले. ज्याच्याकडे देण्यासारखी अशी भेट नाही, अशा लहान मराठी ॲपने ग्राहकाकडे कसे पोहोचायचे, याचे उत्तर त्या नियमांत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न आधी आला. कॉमकास्ट ही तेव्हा तेथील सर्वांत मोठी केबल कंपनी होती. तिने एनबीसी युनिव्हर्सल ही माध्यम कंपनी घेताना, जानेवारी २०११ मध्ये, सरकारने अट घातली की कार्यक्रम प्रतिस्पर्धी ऑनलाइन सेवांनाही द्यावेत आणि 'हुलू' या सेवेच्या कारभारात हात घालू नये. या अटींची मुदत २०१८ मध्ये संपली. २०२० मध्ये कॉमकास्टने 'पीकॉक' हे स्वतःचे ॲप आणले आणि 'द ऑफिस' ही लोकप्रिय मालिका २०२१ च्या आरंभी नेटफ्लिक्सवरून उठून तिकडे गेली. अट होती तोवर दार उघडे होते.

चारांची दोन घरे झाली असती

मराठी मनोरंजन वाहिन्यांत स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी आणि सोनी मराठी ही चार प्रमुख खासगी नावे. सन मराठीची भर २०२१ मध्ये पडली. झी आणि सोनी यांच्या विलीनीकरणाची घोषणाही २०२१ मध्येच झाली होती. मंजुऱ्याही मिळाल्या. परंतु २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने करार मोडला आणि ऑगस्टमध्ये उभयतांनी परस्परांवरील दावे मागे घेतले. तो सौदा पार पडला असता, तर या चार वाहिन्या दोन मालकांकडे असत्या. आज त्या तिघांकडे आहेत.

हा हिशेब चित्रनगरीतील निर्मात्याला प्रेक्षकापेक्षाही अधिक जवळचा आहे. पूर्वी एका वाहिनीने नाकारलेली कथा घेऊन तो दुसऱ्या मालकाच्या दारी जाऊ शकत असे आणि त्या शक्यतेवरच भागाचा दर ठरत असे. प्रभात कंपनी १९२९ मध्ये ज्या शहरात स्थापन झाली, तेथील तंत्रज्ञ, नेपथ्यकार आणि कनिष्ठ कलावंत आता मालिकांच्या कामावर अवलंबून आहेत. दार एक कमी झाले, की दर मागणाऱ्याचा आवाज तेवढाच खाली येतो.

आयपीएलचे सध्याचे हक्क २०२७ च्या हंगामापर्यंत आहेत. आयसीसीच्या स्पर्धांचे भारतातील हक्कही २०२७ पर्यंत, तर भारतीय मंडळाच्या मायदेशातील सामन्यांचे मार्च २०२८ पर्यंत जिओस्टारकडे आले. आयपीएलच्या २०२२ च्या लिलावात स्टार आणि वायकॉम १८ एकमेकांविरुद्ध बोली लावत होत्या. पुढील लिलावात त्या दोघींची मिळून एकच बोली असेल.